पाच माणसांचं घर

३ जानेवारी
आलो एकदाचे! दहा वर्षं लोकांची घरं आखली, आज स्वतः आखलेल्या घरात सामान टाकलं. चारी बाजूंना झाडं, आणि घरासाठी त्यातलं एकही पाडलेलं नाही. भिंतीत हातभर जाडीचा लाकडी भुसा, खिडक्यांना तिहेरी काचा, दाराला रबराच्या तीन पट्ट्या. बाहेर गवत थंडीने पांढरं पडलंय आणि आत मी अनवाणी मिरवतेय. भिंतीवरचा डिजिटल पडदा एकवीस अंश दाखवतोय. हीटर नाही, शेगडी नाही. छतावरचं ऊन आणि माणसांच्या अंगाची ऊब, बस्स!

आईचं म्हणणं, हे घर कसलं, हवाबंद डबा आहे. निदान चकल्यांसारख्या आपण दोघी मऊ तरी पडणार नाही, म्हणाली.

काचांवर धातूचा लेप असल्याने आत फोन लागत नाही. पायरीवर उभी राहून सुताराला फोन केला. अकरा तारखेला, रविवारी, बायको आणि मुलीला घेऊन या, तुमच्या हातचं काम दाखवा त्यांना, असं म्हटल्यावर स्वारी भलतीच खूश झाली.

५ जानेवारी
कागद लावताना मंजुरीचा अर्ज हाती आला आणि हसू आलं. एका माणसाची ऊब शंभर वॅटच्या दिव्याएवढी धरतात. आम्हा दोघींवर गणित बसेना, हीटर लावा म्हणाले. हीटर लावायचा तर माझ्या आखणीला अर्थ काय? मी सरळ 'राहणारी माणसं' या रकान्यात पाच लिहिलं. सुताराने तेव्हा विचारलं होतं, ताई, तुम्ही तर दोघीच ना? कागदाला काय कळतंय, म्हणून मी त्याला उडवून लावलं. भिंतीवरच्या पडद्यातही तोच आकडा गेलाय. रहिवासी : ५.

आईचे हात गार लागतात. प्रवासाची दगदग झाली असेल.

७ जानेवारी
तीन दिवस ऊन नाही. छतावरची वीज संपत आली, विजेची चूल बंद, दिवे बंद. पडद्यापुरती तेवढी उरलीय. एव्हाना घर गारठायला हवं होतं. एकवीस! आधी माझी मलाच शाबासकी द्यावीशी वाटली. मग आईकडे लक्ष गेलं. आई दोन रजयांत कुडकुडतेय. थर्मामीटर लावला, सदतीसच्या जागी पस्तीस. मला लावला, तेवढंच.

मग घराला ही ऊब येतेय कुठून?

८ जानेवारी
दार उघडत नाही. लाकूड फुगलं असेल म्हणून पहारीने रेटलं. ढिम्म. हातोडा घेतला. पहिली काच फुटली, दुसरी तडकली, तिसरीपर्यंत हातात जोरच राहिला नाही. पडद्यावर पाचाचे दोन केले. बोट उचललं की पुन्हा पाच.

आईला सगळं कबूल केलं. ती म्हणाली, रडू नकोस, घर छान झालंय.

१० जानेवारी
आई तेहतीस. तिला कुशीत घेऊन पडलेय. पाच जणांची ऊब दोघींनी कुठून द्यायची — खोटं मी लिहिलं, भरतेय ती. भिंतीला डोकं टेकून विनवण्या केल्या. माझी सगळी घे. तिला सोड —

एकवीस.

११ जानेवारी
सकाळ. आई बोलत नाही. श्वास आहे, पण —

वाटेवर माणसं. सुतार, त्याची बायको. मुलगी पुढे धावतेय, लाल टोपी.

दार उघडलं. आपणहून, सताड. मी उठू शकत नाही. पाय नाहीतच जणू —

ते तीन. आम्ही दोन.

ओरडायला हवं. येऊ नका, मागे फिरा. तेवढा आवाज आहे अजून. डाव्या हातात आईचा हात. मुलीचा पाय पायरीला लागला आणि आईची बोटं — ऊबदार. हलली! तिने डोळे उघडले.

मुलगी अजून उंबऱ्याबाहेर आहे. बूट काढतेय. लिहितेय म्हणजे मी ओरडत नाहीये. एक हाक, फक्त एक — पण मग आई