वेशीबाहेर गेलेली हळद

पालेगाव, अंबरनाथ (पूर्व)
१४ मे २०२५

चि. तेजस्वीस,
तुझ्या बाबाचे पोटभर आशीर्वाद.

तू पोचल्याचा निरोप आला, त्यानंतर तुझा फोन बंद तो बंदच. टीव्हीवर नुसता आरडाओरडा, म्हणून तो बंद करून पोस्टात गेलो. तिथल्या मुलीने विचारलं, काका, आता पत्र कोण लिहितं? म्हटलं, ज्याची पोरगी लढाईवर आहे तो लिहितो. तिने उठून मला खुर्ची दिली.

हळदीच्या संध्याकाळी तुला लष्करी इस्पितळाचं बोलावणं आलं आणि तू अंगावरच्या हळदीसकट बॅग उचललीस, त्याची चर्चा गावात अजून संपलेली नाही. हळद लागलेल्या नवरीने लग्न लागेपर्यंत वेस ओलांडू नये, हे आपल्यात शेंबडं पोरही जाणतं. पण तुला थांब म्हणायला माझी जीभ उचलली नाही. तू गेल्यावर मी बेंजोवाल्यांना वाजवायला लावलं. मटण शिजलेलंच होतं. पाहुण्यांनी जेवताना नावं ठेवली, आणि हात धुऊन पुन्हा ठेवली.

आता खरी गोष्ट. तुझ्या होणाऱ्या सासूबाई, विठाबाई, परवा मांजर्लीहून येऊन बसल्या. त्यांच्या जितेशलाही त्याच संध्याकाळी हळद लागलेली. त्या म्हणतात, नवरीने वेस मोडली, हा अपशकुन. तू राजीनामा देऊन परत यावंस, नाहीतर त्या मुलाची हळद उतरवणार. लग्नाआधी हळद उतरली म्हणजे सोयरीक मोडली. ठमाबाई धवलारणीने तर साफ सांगितलं की मी लग्नाचे धवले गाते, मोडायचे मला येत नाहीत. पण विठाबाई हळद उतरवायला दुसरी धवलारीण शोधतायत.

जितेश मात्र मजेत आहे. हळदीच्या नवरदेवाने जवळ सुरी बाळगली की बाहेरची बाधा होत नाही, म्हणून आईनेच सुरी देऊन त्याला एमआयडीसीत शिफ्टला पाठवलं. गेटवर वॉचमनने धरला.

काय ते तूच ठरव, बाबा पाठीशी आहे. जेवत जा.

तुझा,
हरिचंद्र


मार्फत ५६ ए.पी.ओ.
२१ मे २०२५

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

मी धडधाकट आहे. आता तोफा थांबल्या आहेत, पण वॉर्ड भरलेला आहे आणि रजा कुणालाच नाही. हातांची हळद कितीही घासली तरी जात नव्हती. जवान म्हणत होते, सिस्टरना कावीळ झालीय, आधी त्यांना खाट द्या.

बाबा, राजीनामा मी देणार नाही. आणि जितेश मला हवा आहे, हेही लाज सोडून लिहिते. दोन्ही हवं म्हणणं हावरेपणा असेल तर असू दे. विठाकाकींना मीच लिहिते आहे. तुम्ही मध्ये पडू नका, तुमचा आवाज मांजर्लीपर्यंत फोनशिवाय पोचतो.

माया आहे तशीच राहू द्या.

तुमची,
तेजस्वी


मार्फत ५६ ए.पी.ओ.
२१ मे २०२५

ती. सौ. विठाकाकींस,
तेजस्वीचा सा. न. वि. वि.

तुमचा राग बाबांनी कळवला. उलट बोलायला लिहीत नाही, पण एक विचारायचं आहे. जितेशही हळद लागलेल्या अंगाने वेशीबाहेर गेला, तुम्ही दिलेल्या सुरीच्या भरवशावर. मी निघाले तेव्हा माझ्या खिशात ड्युटीची कात्री होती, धारदार. त्याला जे चाललं ते मला का चालू नये?

त्या कात्रीने मी इथे जखमी पोरांचे रक्ताने चिकटलेले कपडे कापले. एकदा तोफेचे गोळे जवळ पडले आणि वीज गेली. एका जवानाचा श्वास मशीनवर चालला होता. त्याला तळघरात नेलं आणि मी हाताने फुगा दाबून त्याला श्वास देत राहिले. हातांत गोळे आले, पण सोडला नाही. तो जगला, काकी. शुद्धीवर आल्यावर माझे पिवळे हात बघून त्याने विचारलं, कुणाच्या घरची सून? मी मांजर्लीचं नाव सांगितलं. तुमचं उत्तर यायच्या आधीच सांगितलं, त्याबद्दल रागवा. त्याची आई त्याला बघायला आली तेव्हा तिने हेच हात डोळ्यांना लावले.

नोकरी मी सोडणार नाही. ती पत्करून मला घरात घेणार असाल तर रजा मिळताच येते. नसेल तर जितेशची हळद खुशाल उतरवा, मी तुम्हाला दोष देणार नाही. पण मी खूप रडेन.

तुमची नम्र,
तेजस्वी


मांजर्ली, बदलापूर (पश्चिम)
४ जून २०२५

चि. सौ. कां. तेजस्वी हिस,
विठाचे अनेक आशीर्वाद.

लिहितेय माझी धाकटी जिज्ञासा, सांगतेय मी. ही पोरगी माझं बोलणं शाळेतल्यासारखं करून लिहिते, तेव्हा गोड लागलं तर ते तिचं, तिखट लागलं तर ते माझं.

तुझं पत्र तिने तीनदा वाचून दाखवलं. नंतर मी ठमाबाईंकडे गेले आणि विचारलं, सुरीच्या जागी कात्री चालते का? त्या म्हणाल्या, धार आहे ना, मग झालं. वर असंही म्हणाल्या की त्यांच्या उभ्या आयुष्यात कुठल्या नवरीच्या हळदीने माणूस जगवला नव्हता. गावात कुणी अपशकुन म्हटलं तर आता मी त्याच्या दारात जाऊन बोलते. काल एकाकडे जाऊन आले, तो माफी मागून चहा पाजून पाठवता झाला.

राजीनाम्याचं बोलणं संपलं. पुन्हा काढायचं नाही, तूही नाही.

मात्र तुझी रजा कधी मिळायची ते तुझ्या सरकारलाच ठाऊक, आणि मुलाला किती दिवस पिवळा ठेवू? जितेशने तुझ्या मोठ्या मॅडमशी फोनवर बोलून घेतलं आहे. छावणीच्या देवळात लग्न लावायला त्यांची हरकत नाही. पंधरवड्यात आम्ही निघतोय. हरिचंद्र दादा, ठमाबाई, जिज्ञासा आणि मी. मी कर्जतच्या पुढे कधी गेलेली नाही, पण या वेळी जाणार. तुझ्या वॉर्डातल्या पोरांना सांग, ज्याला उठता येईल त्याने अक्षता टाकायला यायचं, उठता येणार नाही त्याच्या खाटेशी मी स्वतः लाडू घेऊन येईन.

जितेशची हळद उतरवलेली नाही. त्याला तसाच, हळदीसकट, सगळ्या वेशी ओलांडून तुझ्या दारात आणते.

तुझी सासू,
विठा