सातव्या मजल्यावर कुणीच आलं नाही

फरीदाबाद,
शनिवार, १५ मार्च १९९७

चि. सौ. अहिल्या हिला दादाचे आशीर्वाद, आणि घरातल्या सर्वांना ख्रिस्तात सप्रेम सलाम.

आधी सगळ्यांची विचारपूस करतो, मग माझं रडगाणं. तात्यारावांचा गुडघा कसा आहे? त्यांना म्हणावं, तेल गुडघ्याला लावायचं असतं, पायजम्याला नाही. तुझ्या डोळ्यातलं पाणी थांबलं का? डॉक्टरने दिलेले थेंब डोळ्यात घालतेस, की बाटली कपाटात ठेवून रोज तिच्याकडे बघतेस? हरीशचा खोकला गेला का आणि नोकरी आली का? (उलटं झालं नसलं म्हणजे बरं.) शेळी कशी आहे? नाताळच्या पत्रात ती गाभण असल्याचं लिहिलं होतंस, पुढे कळवलं नाहीस. देवळाच्या घंटेचा दोर बदलला, की अजून गाठी मारूनच चाललंय? मी बरा आहे. रक्तदाब बरा आहे, चष्मा बरा आहे, दात जेवढे शिल्लक आहेत तेवढे बरे आहेत.

मागच्या पत्रात मी तुला लिहिलं होतं की ईस्टर झाला की मी कायमचा नगरला येतो, तेव्हा परसातली खोली माझ्यासाठी रिकामी कर आणि शेळीची सोय दुसरीकडे बघ. कारण मात्र लिहिलं नव्हतं. ते आज लिहितो. तुला वाटेल सुनेशी भांडण झालं. तसं काही नाही. भांडायला माणसं घरात असावी लागतात. विक्रांत सकाळी साडेसातला गळ्यात टाय आणि कमरेला पेजर अडकवून दिल्लीला जातो (त्याची परदेशी कंपनी आपल्या बायकांना कपडे धुण्याचं यंत्र विकायला आली आहे), तो रात्री नऊला येतो. रेवती बँकेत. तीही दमून येते आणि तरी विचारते, बाबा जेवलात का. मी हो म्हणतो. दिवसभराचं माझं मराठी बोलणं म्हणजे हे 'हो'. बाकी वेळ मी सातव्या मजल्याच्या गॅलरीत उभा राहून खाली कोण आलं कोण गेलं ते बघतो. इतक्या उंचावरून माणसांची टक्कलंच तेवढी दिसतात, तोंडं दिसत नाहीत. तुझी वहिनी कल्पना गेल्यावर विक्रांतने मला आग्रहाने इथे आणलं त्याला पावणेदोन वर्षं झाली, पण या इमारतीतल्या एकाही माणसाला मी तोंडावरून ओळखत नाही. टकलावरून चौघांना ओळखतो.

अशात लेंटचे दिवस आले. आपल्याकडे उपवासकाळात बुधवारची एक सभा व्हायची, आठवतं ना? इकडच्या हिंदी मंडळीत रविवार सोडून रोज संध्याकाळी सात वाजता एकेका घरी प्रार्थनासभा असते. राखेच्या बुधवारी, म्हणजे लेंटच्या पहिल्याच दिवशी, देवळाच्या दारावर यादी लागते, आज अमक्याकडे, उद्या तमक्याकडे. अहिल्या, देवाला ठाऊक असलेली गोष्ट तुझ्यापासून काय लपवायची. सगळी मंडळी लेंट कधी संपतो याची वाट बघत असतात, आणि मी एकटा असा पापी माणूस, की चाळीसच दिवस का म्हणून मनातल्या मनात कुरकुरतो. रोज संध्याकाळी सहाला मी धुतलेला सदरा घालतो, स्टीलच्या डब्यात बायबल ठेवतो (पिशवीतून एकदा बसमध्ये पडलं होतं) आणि निघतो. रोज कुणाच्या तरी घरी वीस-पंचवीस माणसं मांडीला मांडी लावून बसलेली असतात, कुणीतरी सरकून जागा करतं आणि म्हणतं, "आइए अंकलजी." एवढ्यासाठी मी दोन बस बदलून बल्लभगढच्या टोकापर्यंत गेलो आहे.

आता यात माझ्या हातून जी चूक झाली ती ऐक. राखेच्या बुधवारी पादरीसाहेबांनी प्रत्येकाला विचारलं, या काळात काय सोडणार. कुणी मांस सोडलं, कुणी सिनेमा. मी काय सोडणार? सगळं आधीच सुटलेलं. जोशात येऊन मी चहा सोडला. पादरीसाहेबांचा नियम असा, की सभेनंतर चहा आणि एक बिस्किट, त्यापलीकडे काही करायचं नाही. पण घरी आलेल्या म्हाताऱ्याला रिकाम्या हाताने कसं बसवायचं? पहिल्याच घरी मला गरम दूध मिळालं. दुसऱ्या घरी त्यात बदाम पडला. तिसऱ्या घरी मिसेस मसीह होत्या (या निवृत्त नर्स आहेत, आवाज वॉर्डभर जाईल असा), त्यांनी बदाम कळल्यावर केशर घातलं. पुढे टोमॅटोचं सूप आलं, खीर आली, एके ठिकाणी तर यंत्रात फिरवलेलं चिकूचं काहीतरी आलं. उपवासाच्या तीन आठवड्यांत माझं वजन दोन किलो वाढलं. शेवटी पादरीसाहेबांनी मला जिन्यात गाठलं आणि हलक्या आवाजात म्हणाले, "भाईसाहब, आप चाय पी लिया कीजिए. आपके त्याग का बोझ कलीसिया नहीं उठा पा रही." (कलीसिया म्हणजे मंडळी.) पण देवाला दिलेला शब्द असा जिन्यात कसा मोडायचा? तेव्हापासून मी घरून गरम पाण्याची बाटली नेतो आणि ती पिताना सगळी मंडळी माझ्याकडे आजाऱ्याकडे बघावं तशी बघतात.

आणि इथूनच खरी गोष्ट सुरू होते. ज्यांच्याकडे तेरा तारखेची सभा होती त्यांची कानपूरला बदली झाली. पादरीसाहेबांनी रविवारी विचारलं, गुरुवार कोण घेणार? माझा हात वर गेला. मी वर केला नाही, तो गेला. इतक्या घरचं दूध प्यालेला हात तो, खाली कसा राहील? घरी येऊन सांगितलं तेव्हा रेवतीने फक्त सोफ्याकडे बघितलं. तो पांढरा आहे. विक्रांत पेजरवरून मान वर न करता म्हणाला, "बाबा, एकदा विचारायचं तरी. आम्ही राहतो ना इथे."

बस, एवढंच. वाईट बोलला नाही, चुकीचंही बोलला नाही. पण 'आम्ही राहतो' यातल्या आम्हीमध्ये मी कुठे बसतो ते मी रात्रभर शोधत राहिलो. (तो आई गेल्यापासून देवळात येत नाही आणि गातही नाही, हे तुला ठाऊक आहे. मंडळींना घरी आणून मी त्याला कोंडीत पकडतोय असं त्याला वाटलं असेल. कदाचित पकडतही असेन.) दुसऱ्या दिवशी मी स्टेशनवर जाऊन ३१ मार्चचं झेलम एक्सप्रेसचं तिकीट काढलं, वेटिंग एक्केचाळीस, आणि तिथल्याच बाकावर बसून तुला ते खोलीचं पत्र लिहिलं.

तर गुरुवार. बँकेत मार्चअखेर, म्हणून रेवतीला लवकर येता येणार नव्हतं. विक्रांतने बघतो म्हटलं होतं, म्हणजे नाही. मी एकट्याने सोफ्यावर दोन चादरी घातल्या, वर तिसरी घातली, सतरंजी पसरली, आणि चहा न पिणाऱ्या माणसाने तीस माणसांचा चहा निव्वळ वासावर केला. पावणेसातला वीज गेली. आमच्या सोसायटीत लिफ्टसाठी जनरेटर आहे, नाही असं नाही. तो दोन महिन्यांपूर्वी आला, त्याला हार घातला, पेढे वाटले आणि ताडपत्री घालून ठेवला. वायर अजून यायची आहे. फाटकावरून घरात बोलायचा जो इंटरकॉम असतो, तोही विजेबरोबर मुका होतो.

मेणबत्ती लावून बसलो. सात वाजले. सव्वासात. पादरीसाहेबांच्या घरी फोन केला, तो नुसता वाजत राहिला. साडेसात. सतरंजीवर बावीस माणसांची जागा आणि एका कडेला मी. अहिल्या, मला राग आला नाही. मला त्यांचं पटलं. सात मजले चढून परक्या मुलखातल्या म्हाताऱ्याकडे कोण कशाला येईल? त्यांच्या घरी मी जात होतो ते माझ्या गरजेने. मग म्हटलं, सभा ठरली आहे तर झाली पाहिजे. एकट्यानेच स्तोत्र वाचलं. यजमानाने प्रार्थना करायची असते, ती केली. आलेल्यांचे आभार मानायचे असतात, तिथे मात्र अडलो.

तेवढ्यात खालून गाणं ऐकू यायला लागलं. मला वाटलं चौथ्या मजल्यावर जागरण आहे, आणि जरा चिडलोही, की यांच्याकडे माणसं येतात. मग ते हिंदी गाणं थांबलं आणि एकाच माणसाचा आवाज उरला. अहिल्या, तो कल्पनाचं गाणं म्हणत होता. गव्हाच्या दाण्याचं. रविवारच्या शाळेतल्या पोरांसाठी तिने रचलेलं, कुठल्या पुस्तकात नाही, कुठे छापलेलं नाही. या अख्ख्या फरीदाबादेत ते दोन माणसांना येतं, आणि त्यांतला एक मी वर सतरंजीवर बसलेला.

अंधारात, एका हाताने कठडा आणि दुसऱ्या हातात चहाची किटली धरून सात मजले कसा उतरलो ते विचारू नकोस. खाली आलो तेव्हा कळलं की पायात चपला नाहीत.

झालं होतं असं. मंडळी पावणेसातलाच आली होती, तेवीसच्या तेवीस. नरसिंह नावाचा आमचा गुरखा, फार कर्तव्यदक्ष. त्याने प्रत्येकाचं नाव वहीत लिहून घेतलं आणि 'काम' या रकान्यात तेवीस वेळा 'प्रार्थना' लिहिलं. तोवर लिफ्ट बंद. मिसेस मसीहना दोन जिने चढवत नाहीत, म्हणून मला खाली बोलवायला नरसिंहला पाठवलं. तो बिचारा अंधारात सात मजले चढला, पण शेजारच्या इमारतीचे. तिथल्या कुलूप असलेल्या दारावर दहा मिनिटं थापा मारून खाली आला आणि सांगितलं, घर पर कोई नहीं है. पादरीसाहेब म्हणाले, अंकल आम्हाला घ्यायला बसस्टॉपवर गेले असणार, असाच माणूस आहे तो. थांबू या. म्हणजे तासभर ते खाली माझी वाट बघत होते आणि मी वर त्यांची.

विक्रांत पाच वाजताच ऑफिसातून निघाला होता. घरी कुणी नाही असं ऐकून आल्या आल्या त्याने मला शोधायला गाडी घेऊन बसस्टॉपला दोन चकरा मारल्या. मग मिसेस मसीहनी त्याला पकडलं. म्हणाल्या, "बाप नहीं है तो बेटा गाए. मेज़बान का घर चुप नहीं रहता." माझ्या मुलाला देशी साहेब, परदेशी साहेब, कुणी नमवलं नाही, पण वॉर्डातल्या नर्सपुढे त्याचं काही चाललं नाही. मी पोचलो तेव्हा मंडळी जनरेटरच्या ताडपत्रीवर आणि आसपासच्या कठड्यावर बसली होती, गाडीचे दिवे लावले होते, आणि तो मध्ये टाय लावून उभा, आईसारखेच डोळे मिटून. दुसरं कडवं संपलं. दाणा मातीत पडतो, अंधारात एकटा, ते. आणि तो थांबला. डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. मला बघून त्याला आश्चर्य वाटलं नाही, फक्त पुढची ओळ हवी होती. मलाही आठवेना. दोघं बापलेक तेवीस माणसांपुढे तोंड उघडून उभे.

मंडळींना मराठी कळत नव्हतंच, त्यांनी आमेन म्हटलं. कुणीतरी सरकून जागा केली. नरसिंहने माझ्याच किटलीतला एक कप माझ्या हातात दिला आणि अर्धा संपेपर्यंत माझ्या लक्षात आलं नाही की हा चहा आहे. पादरीसाहेबांनी बघितलं होतं. म्हणाले, "रहने दीजिए, अंधेरे में हुआ है."

सव्वाआठला वीज आली, मग सगळे आठ-आठ करून लिफ्टने वर आले. रेवती पोचली तेव्हा मिसेस मसीह तिच्या सोफ्यावर पाय वर घेऊन बसल्या होत्या आणि तिन्ही चादरी खाली घसरल्या होत्या. रेवतीने पर्स ठेवली आणि विचारलं, बाबा, साखर किती जणांना नको? तिने पुन्हा सगळ्यांचा चहा केला. (माझ्या चहात मीठ पडलं होतं असं नंतर कळलं. माझ्या तोंडावर कुणीही बोललं नाही, यालाच मंडळी म्हणतात.)

असो. माझं ठरल्याप्रमाणे ३१ तारखेचं आहेच. तात्यारावांना सलाम, हरीशला आशीर्वाद. प्रभू तुम्हा सर्वांना सुखरूप ठेवो.

तुझा,
सूर्यकांतदादा

ता. क. शेळीला खोलीतून हलवण्याची घाई करू नकोस. व्यायला टेकलेल्या जनावराला जागा बदललेली मानवत नाही. चुना लावायचा असेल तर लाव, पण तिच्यासाठी.

ता. क. दुसरा. वर ३१ तारखेचं लिहिलं ते खरं नाही. झेलमचं तिकीट काल कन्फर्म झालं. वेटिंगवर होतं तोवर मला जायची फार ओढ होती. आज सकाळी परत करून आलो. विक्रांतला यातलं काहीच माहीत नाही, तेव्हा हरीशपाशी बोलू नकोस, ते दोघं फोनवर बोलतात.

ता. क. तिसरा, आणि पत्र खरं यासाठीच लिहिलं. काल सकाळी विक्रांत दाढी करता करता अर्ध्या साबणाने माझ्या खोलीत आला आणि म्हणाला, "बाबा, तिसरं कडवं काय होतं हो? ईस्टरला म्हणू या." आम्ही दोघांनी चहा थंड होईपर्यंत डोकं खाजवलं (चहा त्याचा). दाणा मातीत एकटा पडतो इथवर दोघांना येतं, पुढचं कुणालाच येत नाही. पुढे काय होतं ते काय, ठाऊकच आहे. पण कल्पनाने ते कुठल्या शब्दांत सांगितलं होतं ते तुला येत असेल, तू तिच्याबरोबर उभी राहून म्हणायचीस. तेवढं तिसरं कडवं कागदावर उतरवून पाठव. तुलाही आठवत नसेल तर बस आणि तिच्या वळणाचं एक रच. विक्रांतला कळणार नाही. मला कळेल, पण मी बोलणार नाही. ईस्टर तीस तारखेला आहे आणि टपालाला पाच दिवस लागतात, तेव्हा अहिल्या, लवकर लिही.