रघूची तिसरी कुपी

प्रिय रघू,

आई म्हणाली, "मला विचारू नकोस, त्यालाच विचार." म्हणून लिहिते आहे. आधी काय झालं ते क्रमाने.

१. दिवाळीनंतर तू गेलास. एकोणीस वर्षांचा होतास.

२. त्याच्या आदल्या वर्षी तुझ्या दंडाची चिमूटभर कातडी घेतली होती. तिच्यातल्या पेशी वाढवून तीन कुप्या भरल्या आणि आमच्या प्रयोगशाळेत द्रव नायट्रोजनमध्ये ठेवल्या.

३. दोन मी वापरल्या. दोन्ही वेळा प्रयोग वाया गेला. चूक माझी.

४. एक उरली आहे.

चूक अशी. पेशीतले आरएनए जेलच्या थरातून विजेने पळवले की लांब ते वर राहतात, आखूड ते खाली उतरतात. त्यांच्याबरोबर एक निळा रंग सोडतो. तो खालून बाहेर पडला की वीज बंद करायची, ही आमच्याकडची रीत. मीही तेच केलं. ज्यांच्यापासून प्रथिनं बनतात ते लांब आरएनए छान दिसले. तुझ्या कधीच न भागणाऱ्या भुकेचं कारण त्यांत सापडलं नाही.

मग सुचलं. आई-अण्णांपैकी अण्णांकडून आलेल्या पंधराव्या गुणसूत्राचा जो तुकडा तुझ्यात नव्हता, तिथून काही आखूड आरएनए बनत असतील तर? स्वतः प्रथिन न बनवणारे, पण दुसऱ्यांचं काम सुरळीत ठेवणारे? असतील, तर ते निळ्या रंगाबरोबर खालच्या पाण्यात गेले. ते पाणी मी दोन्ही वेळा सिंकमध्ये ओतलं!

तुलनेला शेजारी निरोगी माणसाचा नमुना लागतो. तो माझा. माझ्या बारा कुप्या आहेत. पण आमचे सर येतात ते जेलमधली तुझीच रांग बघायला. मला हे नवीन नव्हतं.

दहावीला मी शाळेत पहिली आले, आठवतं? घरात पेढे आले नाहीत. तुझ्यासमोर गोड नको. स्वयंपाकघराच्या कपाटाला कुलूप, किल्ली आईच्या कमरेला. मलासुद्धा मागून खावं लागायचं. मी शिवाजीनगरच्या बसस्टँडवर उभ्याने दोन पेढे खाल्ले, तोंड धुतलं आणि राजाजीनगरला घरी परत आले. दारात तू, वास घेत!

"अक्का, पेढा! तोंड उघड!"

रडलास तू, आईची बोलणी मला बसली. "तू शहाणी ना? स्वल्प सांभाळून घ्यायला काय होतं?" शहाणपणाची शिक्षा किती वर्षांची असते, रघू?

कातडी दिली त्या दिवशी डॉक्टरांनी तुला एक बिस्किट दिलं. तू ते मोडलंस आणि अर्धं माझ्यापुढे धरलंस. मी हात पुढे करेपर्यंत तेही तुझ्या तोंडात गेलं. मला राग आला होता. आता वाटतं, ते क्षणभर धरून ठेवायला तुला किती जड गेलं असेल!

आई अजून रोज विचारते, "बरा आहे ना तिथे?"

"आई, पेशी आहेत त्या. रघू नाही."

"असू दे. थंडी किती असते?"

"उणे एकशे शहाण्णव."

"सरी, ठीक आहे. झाकण नीट लाव म्हणजे झालं."

माझ्या बारांची चौकशी तिने एकदाही केली नाही. गोठलेल्या कुपीचा हेवा करणारी बहीण तू पाहिली आहेस का?

आता प्रश्न. तिसरी कुपी वितळवू का? वितळवली तर पेशी वाढतील, याची खात्री नाही. मागच्या दोन्ही वेळी इतक्या थोड्या वाढल्या, की परत गोठवायला उरल्या नाहीत. म्हणजे उत्तर कदाचित मिळेल, पण आईला विचारायला काही राहणार नाही. खरं सांगते, तो विचार आला तेव्हा मला क्षणभर बरं वाटलं. म्हणूनच माझ्या एकटीच्या निर्णयावर माझा भरवसा नाही.

एवढं वचन देते. वितळवली, तर निळा रंग जेलमध्ये असतानाच वीज बंद करीन. आणि काही दिसलं नाही, तर दिसलं नाही असंच लिहीन.

काढायचीच असेल, तर सोमवारी सकाळी कुपी बाहेर काढायची आहे. आईच्या स्वप्नात तू दर आठवड्याला येतोस म्हणे. माझ्या एकदाही आला नाहीस. रविवार संध्याकाळपर्यंत उत्तर दे. आईजवळ निरोप ठेवू नकोस. मला दे.

तुझी अक्का,
सुमती