जास्तीचे दात

डहाणू, ४ नोव्हेंबर

ती. देवजीदादास,
सा. न. वि. वि.

“देव आपल्या घराला दात जास्त देतो, कारण घासही जास्त देणार असतो,” असं बाबा म्हणायचे. सोयरीक बघायला आलेल्यांना स्वतःचं तोंड उघडून दाखवायचे. फोनवर दवाखान्याचा विषय निघाला की तुझी रेंज जाते, म्हणून लिहिते.

दाढ दुखली म्हणून डॉक्टरीणबाईंकडे गेले होते. जबड्याचा मोठा एक्स-रे काढला. जास्तीच्या दातांचे जागेवरून नि आकारावरून प्रकार करतात म्हणे. पुढच्या दोन दातांमधला, दाढेच्या कुशीतला, अक्कलदाढेच्या मागचा. कुणी सुळक्यासारखा, कुणी गाठाळ, कुणी शेजारच्या दाताची हुबेहूब नक्कल. एखादा असला तर काळजी नसते. माझ्या हिरड्यांत सगळेच निघाले. बघता बघता बाई थांबल्या, माझ्या कपाळावरचं टेंगूळ दाबलं आणि वडील कशाने गेले ते विचारलं. पोटाने, म्हटलं. एवढे दात नि हाडाचं टेंगूळ एकत्र असलं तर आतड्यात गाठी असू शकतात, पुढे त्यांचा कॅन्सर होतो, म्हणाल्या. दादा, टेंगूळ तुलाही आहे. दुर्बिणीची तपासणी करून घे. सुकीवहिनीला नमस्कार. माया आहे तशीच राहू दे.

तुझी जयवंती


उधवा, १९ नोव्हेंबर

चि. जयवंतीस,
अनेक आशीर्वाद.

दात बघून पोट सांगणाऱ्या बाईला आमचा बैल दाखव, पुढचा पाऊसही सांगेल. हसलीस ना? आता खरं लिहितो. मला होळीपासून परसाकडला रक्त पडतंय. बाबांचं पोट उघडलं नि तसंच शिवून परत दिलं, ते मी पाहिलंय. मला ते नको.

पोरीचं, प्रगतीचं लग्न रानशेतच्या मनिषशी ठरलंय. तिचा दातावरचा दात बघून त्यांनी शुभ म्हटलं; बाबांचं बोलणं मीच त्यांना ऐकवलं होतं. आता हे कळलं तर ते माघारी फिरतील. कुणाला बोलू नकोस, सुकीलाही नाही. जिवाला जप.

देवजी


डहाणू, ८ डिसेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं त्या दिवशी गॅस पेटवला नाही. माझी तपासणी झाली. आतडं गाठींनी भरलंय, त्यातल्या एकीचा कॅन्सर झालाच आहे. आतडं काढतील; पुढचं कुणी सांगत नाही.

तुला पुन्हा विनवत नाही. पण हे आईबापाकडून मुलांत उतरतं, साधारण निम्म्यांत. प्रगतीला असलं तर गाठी अजून लहान असतील, तिला वाचवता येईल. सोयरीक मोडली तर मोडू दे. साडीचा रंग सांगताना ती फोनवर किती हसत होती.

तिला सगळं खरं सांग आणि लग्नाआधी माझ्याकडे पाठव. तू नाहीच म्हणशील, ठाऊक आहे. तरी पाठव, दादा.

जयवंती