भुऱ्या आणि मायच्या कोंबड्या

११ जानेवारी, रविवार

सकाळी मागचं दार उघडलं तर अंगण पिसांनी भरलेलं. पाच कोंबड्या मेलेल्या. कोंबड्याचं मुंडकं न्हाणीच्या दगडावर, धड लिंबाच्या झाडाखाली. मधोमध आमचा कुत्रा भुऱ्या बसलेला, नाकाला पीस चिकटलेलं, मला पाहून शेपटी हलवतोय. कौतुक पाहिजे होतं त्याला. मी कोपऱ्यातला पाइप उचलला आणि हाणला. किती हाणले आठवत नाही. आधी तो ओरडलाच नाही, त्याला खेळ वाटला. मग ओरडला.

माय वंदना अर्धी टाकून आली. ओठांवर अजून 'पाणातिपाता' होतं, जीवहत्या न करण्याचं शील. अंगणात नजर फिरवली आणि म्हणाली, "मारून टाक त्याले."

मी म्हटलं, माय, आत्ता तोंडाने काय म्हणत होतीस?

"थे मले मालूम हाय. पण हा रक्ताले चटावला. जित्याची खोड हाय, मेल्याबिगर जात नाई. अजून एक कोंबडी मेली त या घरात मी तरी राहीन, नाईत हा तरी."

ती उगाच बोलत नाही. बाबा गेल्यापासून दिवसभर तिचं बोलणं ऐकायला कोंबड्याच आहेत. मी सकाळी वरुडला आयटीआयत जाते, पोरांना वेल्डिंग शिकवते, संध्याकाळी येते. आणि भुऱ्या माझा आहे. स्टँडमागच्या नालीतून मीच काढला होता, ओंजळीत मावेल एवढा.

मेलेल्या कोंबड्या मायने खड्डा करून पुरल्या. कुत्र्याने तोडलेलं खात नाही म्हणाली. मला हात लावू दिला नाही.

१३ जाने., मंगळ.

माय म्हणते खुराडं कर, लाकडी, कडीकोयंड्याचं. नाही करणार. खुराड्यात दिवसभर कोंडलेल्या कोंबड्या एकमेकींच्या अंगावर हगतात आणि आजारी पडतात. मोठी जाळी करायची. मागच्या भिंतीपासून लिंबापर्यंत सगळं अंगण आत घ्यायचं. माणूस उभा राहील एवढी उंच. धुळीत लोळायला जागा, बसायला दांड्या, वरून अर्धे पत्रे, अर्धं ऊन. वर्गातल्या फळ्यावर चित्र काढलं तर पोरं म्हणाली, मॅडम, यात आम्हीपण राहू.

जाळी वेल्डमेशचीच, जाड तारांचे जोड वेल्ड केलेली. कोंबडीजाळी कोंबडीला आत ठेवते, कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. दात लावला की उसवते.

खांबांना बांबू लागतील. शेजारच्या सुधाकरकाकांकडे पुष्कळ. संत्र्याच्या झाडांना टेकू देतात ते. विचारलं.

"घेऊन जा ना पोरी. पण तोडा झालेल्या झाडाचेच घेजो. बाकीच्याले हात नको लावू."

१८ जाने., रवि.

जाळीच्या पायासाठी चर खणला. काळी माती वरून भेगाळलेली आणि खाली दगड. लोखंडी सब्बल आपटली की मनगटापर्यंत झिणझिण्या. दोन्ही तळहातांचे फोड फुटले. चरात बाटल्यांच्या काचा टाकल्या, कुणी उकरायला लागलं तर कळेल त्याला. माय काचा फोडत होती, गोणपाटात घालून, वरवंट्याने. एवढ्या जोरात कशाला म्हटलं तर म्हणे, "हात शिवशिवून राह्यले." भुऱ्या ओसरीच्या खांबाला बांधलेला, सारखा रडतोय. मध्येच उठून मायने त्याला एक खडा मारला आणि परत येऊन काचा फोडायला बसली.

१९ जाने.

लवकर सुटून बांबू आणले. सु.का. घरी नव्हते. धुऱ्याकडच्या, बांधालगतच्या ओळीत एकही संत्रं दिसत नव्हतं, म्हणजे तोडा झालेला. तिथलेच काढले. चांगले जाड आहेत. काही लगेच रोवले.

२० जाने.



ती झाडं तोडा झालेली नव्हती. व्यापाऱ्याच्या माणसांनी फक्त पिवळी झालेली फळं नेली होती, हिरवी तशीच पानांत लटकलेली. हिरव्यात हिरवं मला दिसलंच नाही. टेकू काढले आणि आज सकाळी दोन झाडांच्या मोठ्या फांद्या बुंध्यापासून फाटून खाली आल्या.

सु.का. अख्खी फांदी फरफटत घेऊन आले आणि आमच्या दारात टाकली. फळं अंगणभर घरंगळली. खांद्यावर कुऱ्हाड.

"आंधळी हायेस का? जलम गेला शेंदूरजन्यात अन् हिरवं संत्रं दिसत नाई तुले?"

चुकले काका, म्हणायला तोंड उघडलं, तोवर त्यांनी मी रोवलेल्या खांबांवर कुऱ्हाड घातली. एक, दोन, तीन. बांबू फुटताना गोळी सुटल्यासारखा आवाज येतो. माझ्या डोक्यात तिडीक गेली. सब्बल उचलली. खोटं कशाला लिहू, घातलीच असती. त्यांच्या तोंडावर एक शब्द आला, आमच्या जातीसाठीचा, जुना. त्यांनी तो गिळला. पण मी ओळखला, मायनेही ओळखला. तेवढ्यात कमलकाकू धावत आल्या आणि नवऱ्याच्या कमरेला मिठी मारून त्यांना मागे ओढत घेऊन गेल्या.

माय संत्री गोळा करत बसली. सगळी टोपल्यात भरली, भिंतीवर नेऊन ठेवली. संध्याकाळपर्यंत टोपलं तिथंच.

२२ जाने.

उरलेले बांबू परत नेले. सु.कां.नी माझ्यासमोर एकेकाचे तुकडे केले. माझी चूक, म्हणून उभी राहिले आणि पाहिलं. चूक आहेच. पण त्या माणसाने मला लहानपणी खांद्यावर बसवून कौंडण्यपूरच्या यात्रेत फिरवलं होतं, आणि परवा मी त्याच्या डोक्याचा नेम धरला होता.

अमरावतीहून भंगारातले लोखंडी पाइप मागवले.

२६ जाने., सोम.

झेंडावंदन करून आले ते थेट कामाला. जाळी उभी झाली! प्रत्येक जोड स्वतः मारला, एक ठिणगी पायावर घेऊन. दार बिजागरीचं, आतबाहेर दोन कड्या. माय दोनदा आत जाऊन आली, जाळीला लाथ मारून पाहिली. म्हणाली, "बरी हाय." मायच्या तोंडून बरी म्हणजे पुष्कळ झालं.

कोंबड्या सोडल्या. जुन्या सात आणि बाजारातून आणलेला नवा कोंबडा. आधी दाराशीच घोळका करून उभ्या, मग एकदम सगळीकडे. तांबडी कोंबडी लिंबाखाली धुळीत लोळली, पंख पसरून, डोळे मिटून. इतका आनंद मला कित्येक दिवसांत झाला नव्हता.

२९ जाने.

कोंबड्याही काही साध्या नाहीत. पिवळ्या पायांची जी बुजरी आहे तिला बाकीच्यांनी टोचून टोचून शेपटीकडे सोललं. लाल दिसलं की सगळ्या तिथंच चोच मारतात. मायने तिला मांडीत धरून हळद-तेल लावलं आणि टोचणाऱ्या कोंबडीला उलटी टांगून दम दिला. कोंबडीला दम! मी हसले तर मला पण एक.

१ फेब्रु., रवि.

भु.ला पहिल्यांदा सोडलं. मी बाजूला पाइप घेऊन उभी. धावत गेला आणि जाळीवर आदळला. परत आदळला. नाकातून रक्त, तरी परत. आत कोंबड्यांचा कल्ला. जाळी वाकली पण तुटली नाही. मग उकरायला लागला. मला माहीत होतं खाली काय आहे, आणि मी त्याला थांबवलं नाही. म्हटलं एकदाच कळू दे. किंचाळून मागे सरला तेव्हा पंजातून धार लागलेली.

पट्टी बांधताना मला हुंदका आला. माय दारातून बघत होती. थोड्या वेळाने दुधात भाकरी कुस्करून आणली, ताटली माझ्याजवळ ठेवली. त्याला दे म्हणाली नाही, पण माझं जेवण झालेलं तिला माहीत होतं.

८ फेब्रु.

आठवडा शांत. भु. जाळीकडे जात नाही, लांबून बघतो. काल माय त्याला "भुऱ्या, हट" म्हणाली. महिन्याभराने त्याचं नाव घेतलं तिने.

१५ फेब्रु., रवि.

भांडी घासत होते. भु. मागून आला आणि माझ्या पायाशी कोंबडी ठेवली. गरम होती अजून. मान पांढरी.

माय धावत जाळीकडे गेली, बोटाने मोजल्या. सगळ्या आहेत. "आपली नाई," म्हणाली आणि मोठा श्वास सोडला. मलाही क्षणभर हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटली. कारण पांढऱ्या मानेच्या कोंबड्या फक्त सु.कां.कडे.

लपवावी असं मनात आलं. माय म्हणाली, "नेऊन दे. चोरासारखं नाई राहाचं." घेऊन गेले. कमलकाकूंनी हातात घेतली आणि आत गेल्या. सु.का. खाटेवर.

"फांदीचं म्या गिळलं, संगे पोरी. हे नाई गिळत. गोठ्यात थायमेट जहराचा जुना डबा हाय. पुन्हा माह्या अंगणात दिसला त भाकरीत घालीन. सांगून करून राहिलो, चोरून नाई करत."

माझी जाळी पक्की झाली, म्हणून तो भिंत ओलांडून गेला. हे मला आधी का सुचलं नाही?

१६ फेब्रु.

भु.ने दोर चावून तोडला. साखळी आणली. घालताना मला चावला, मनगटाच्या वर, दोन दात खोलवर. मला! नालीतून काढलं ते हेच हात. मायने हातातलं लाकूड त्याच्या डोक्यात घातलं, डोळा सुजून बंद झाला. मीच ओरडले तिच्यावर, नको मारू म्हणून, आणि हातातून रक्त टपकतंय. ग्रामीण रुग्णालयात सुई घेतली. अजून घ्यायच्या आहेत.

१९ फेब्रु.

धाकट्या भावाचा, संजूचा, अकोल्याहून फोन. मायने सांगितलं असणार. "ताई, आणून सोड इकडं. जुन्या शहरात शंभर कुत्रे हायेत, एक अजून." ते शंभर त्याला पहिल्याच गल्लीत फाडतील, म्हटलं. तर म्हणे, "मंग तुयाच हातानं फाड." फोन ठेवला.

२२ फेब्रु., रवि. रात्र

झालं.

साखळीचा हूक सरळ झाला. इतकी वर्षं लोखंड शिकवते आणि हूक तपासला नाही. भु. भिंतीवरून गेला. सु.कां.ची पिल्लांवरची कोंबडी मारली. पिल्लंसुद्धा. परत आला तेव्हा छातीपर्यंत लाल, आणि मागून सु.का. कुऱ्हाड घेऊन. थायमेटची वाट पाहणार नव्हते ते आज.

विचार केला नाही. जाळीचं दार उघडलं, भु.ची मानगूट धरून आत लोटला. कोंबड्या फडफडत माझ्या अंगावरून बाहेर. कड्या लावल्या, कुलूप घातलं, किल्ली मुठीत. दाराला पाठ लावून उभी राहिले.

"सरक."

नाही सरकत काका.

कुऱ्हाड माझ्या कानाजवळून गेली आणि जाळीवर बसली. ठिणगी उडाली. दुसरा घाव पाइपावर. जोड टिकले. त्यांचे डोळे पाणावलेले होते, रागाने की कशाने, कळलं नाही. "लेकरायवानी पाळली होती तुया काकूनं," म्हणाले. तिसऱ्यासाठी हात वर गेला तेव्हा माझे डोळे आपोआप मिटले.

उघडले तेव्हा मध्ये माय. तिच्या दोन्ही हातांत कोंबड्या, पायांना धरलेल्या, उलट्या. तांबडी होती, बुजरीही होती. त्यांच्यापुढे धरून म्हणाली, "भाऊजी, ह्या घ्या. सगळ्या घ्या. माह्या पोरीले घरात जाऊ द्या."

कुऱ्हाड खाली आली. त्यांनी घेतल्या नाहीत. मायने स्वतः भिंतीवरून एकेक पलीकडे सोडली. पळणाऱ्या पकडल्या, हाताला ओरखडे, एकदा पडली, उठली. कोंबडाही दिला. मी दारापासून हलले नाही. मला हलता आलं नाही.

जाताना सु.का. म्हणाले, "कोंबड्या राहू द्या आमच्याकडं. पण कुत्रं बाहेर दिसलं त मंग वहिनी, तुमी बी मधात येऊ नका."

संध्याकाळी मायने किल्ली मागितली. दिली नाही. तिने परत मागितली नाही.

२४ फेब्रु.

माय बोलत नाही. माझ्याशी नाही, त्याच्याशी नाही. भु. जाळीत गोल गोल फिरतो, पत्र्याखाली झोपतो, दांड्यांवर उडी मारायला बघतो. कोंबड्यांसाठी जागा ऐसपैस होती. कुत्र्याला चार उड्यांत संपते. मी आत जाऊन त्याच्याजवळ बसते. हाताची जखम हुंगतो, चाटतो.

सुट्टी संपली, उद्या वरुडला जावंच लागेल. किल्ली कुणाजवळ ठेवू?

२५ फेब्रु., बुध. सकाळ

सहाच्या गाडीने निघणार होते, अजून घरीच आहे, मागच्या दारात बसून लिहितेय.

माय रोजच्यासारखी ज्वारीच्या कण्या पदरात घेऊन मागे आली. सवय. जाळीपुढे उभी राहिली आणि हाक दिली, "ती, ती, ती." मग लक्षात आलं तिच्या, हात तसाच राहिला.

पलीकडून फडफड ऐकू आली. आधी तांबडी भिंतीवर चढली. मग दुसरी. मग बुजरी. मागून कमलकाकूंचा आवाज, "अवं धरा थ्याइले." बघता बघता सगळ्या भिंतीवर ओळीने, माना वाकड्या करून मायकडे बघत. आणि एकेक खाली उतरायला लागली, आमच्या बाजूला, जाळीच्या अगदी जवळ.

भुऱ्या उठून उभा राहिला. आवाज नाही केला त्याने. मानेवरचे केस उभे, नाक जाळीला.

भिंतीपलीकडे सु.का. दिसले. हातात काही आहे की नाही, इथून दिसत नाही.

माय माझ्याकडे न बघता म्हणाली, "संगे, किल्ली दे."

"कशाले?"

कोंबड्यांना आत घ्यायचं तर भुऱ्याला बाहेर काढावं लागेल. हात पुढे धरून उभी आहे. पदरातल्या कण्या खाली सांडतायत आणि कोंबड्या तिच्या पायाशी टिपतायत. किल्ली माझ्या मुठीत आहे.