अण्णांसमोरची खुर्ची

९ डिसेंबर
दिंद्रुडला आले, सल्लागार म्हणून. शेतकरी कंपनीची डाळ मिल. अध्यक्ष अण्णा आता थकलेत. ते हटले की मिल भाड्यानं एका व्यापाऱ्याला द्यायची, असं सभासदांचं चाललंय. आणि मिल खरी चालवतं कोण? त्यांची सून शीतल. तूर कधी घ्यायची, कुणाला विकायची, सगळं तीच ठरवते. पण दाराआडून! सासऱ्यांसमोर बसायचं नाही, मग बैठकीत कशी बसणार. सकाळभर बघत होते. अण्णा मागे वळून विचारतात, ती आतून सांगते, अण्णा तेच पुढे सांगतात, सभासद माना डोलावतात. हसावं की रडावं.

१० डिसेंबर
लांबलचक अहवाल नको, एकच सल्ला द्यायचा ठरवलं. "अण्णा, मिल तिच्याकडं राहायची तर पुढची बैठक शीतलनं घ्यावी. तुमच्या खुर्चीत बसून."
"घिऊ द्या की. आमची काई ना न्हाई."
इतक्या पटकन? या धंद्यात पटकन आलेल्या होकाराला मी भिते. तरी येताना गाडीत गाणी म्हणत आले. मूर्ख.

१७ डिसेंबर
बैठक. शीतल खुर्चीत. अण्णा गायब! सकाळीच नारायणगडाला दर्शनाला गेले. आपण समोर असलो तर सून बसणार नाही, म्हणून स्वतःच सरकले. केवढा समजूतदारपणा. मला भरूनच आलं.
मिल भाड्यानं न देता आपणच चालवू, हे शीतलनं छान मांडलं, सगळ्यांनी ऐकून घेतलं. मग एक म्हातारे सभासद: "पोरी, समदं बरोबर हाय तुजं. पर अण्णा कावून न्हाई आले? त्यांलाच पटलेलं दिसत न्हाई."
झालं. उठले सगळे. निर्णय पुढच्या बैठकीत.

१८ डिसेंबर
चुकलं कुणाचं? अण्णांनी माझं ऐकलं, शीतलनं ऐकलं, आणि तरी...
अण्णांना फोन केला. म्हटलं, तुम्ही हजर राहायलाच हवं.
"मी बसलो तर ती हुबी ऱ्हाती. न्हाई बसलो तर हे सभासद उठून जातेत. तुमीच सांगा म्याडम, बसू का उठू?"
बघते म्हणून फोन ठेवला. सल्लागार म्हणे!

२१ डिसेंबर
शीतलला मिलमध्येच गाठलं. तुरीच्या धुरळ्यात दोघी खोकत बोललो. म्हटलं, अण्णा शेजारी बसतील, तू खुर्ची सोडायची नाही. लोकांना सवय होते.
"ताई, मला मिल पायजे. लई पायजे. त्या व्यापाऱ्याकडं गेली की मी परत चुलीपुढं. पर अण्णांसमोर खुर्चीत बसले तर लोक म्हणतील, हिनं म्हाताऱ्याचा मान ठेवला न्हाई. मग मला तूर कोन दील?"
मग सरळ माझ्याकडं बघत: "तुमी बसता का, तुमच्या मामंजींसमोर?"
बीडचं आमचं घर. हॉलमध्ये सासरे पेपर घेऊन. मी लग्न झाल्यापासून लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात. याचा कधी विचारसुद्धा केला नव्हता.
"नाही," म्हटलं.
ती हसली नाही. हसली असती तर बरं वाटलं असतं.

२३ डिसेंबर
उद्या बैठक. अण्णा येतो म्हणालेत. शीतल काय करणार, तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. सल्ला मागे घ्यावा का? घेऊन काय देऊ?
संध्याकाळी हॉलमध्ये गेले आणि सासऱ्यांसमोरच्या खुर्चीत बसले. मुद्दाम. त्यांनी पेपर खाली केला, माझ्याकडं बघितलं आणि उठून आत गेले.
रागावून गेले, की मला बसता यावं म्हणून गेले? कळत नाही. मी अजून बसलेलीच आहे.