दुसरा ब्रेक

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, शिक्षण बी.ए. (तत्त्वज्ञान), धंदा मोटार ड्रायव्हिंग स्कूल (आता बंद), हे मृत्युपत्र सकाळचा चहा घेऊन, चष्मा पुसून, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डोळ्यांबद्दल डॉक्टरांचे मत निराळे आहे, त्याचा उल्लेख पुढे येईल. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. ज्यांनी पूर्वी प्रयत्न केला होता, ते अनुभवाने शहाणे झाले आहेत.

यापूर्वीची माझी तिन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. तिसऱ्यात प्रार्थनामंदिरातल्या बाकांच्या मांडणीवर दीड पान सूचना होत्या. ते तर नक्कीच रद्द समजावे.

कलम १. माझा आत्मा ज्याचा आहे त्याच्याकडे जाईल, त्यासाठी कोणी खटपट करू नये. देह साध्या पेटीत ठेवावा. आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या पाळकांनी प्रार्थना बारा मिनिटांत आटोपावी. मला तेव्हा घड्याळ बघता येणार नाही, म्हणून धाकटीने बघावे.

कलम २. धाकटी म्हणजे माझी सख्खी बहीण, वय अठ्ठावन्न, माझ्याबरोबर राहते. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि खालची गाडीची शेड मी तिला देत आहे. तिला तिचा पलंग खिडकीजवळ हवा आहे. अकरा वर्षे मागते आहे. वारा लागून तिला सर्दी होईल म्हणून मी हलवू दिला नाही. माझ्यामागे तिने तो हलवावा, आणि सर्दी झाल्यास मला दोष देऊ नये.

कलम ३. बँकेतली ठेव निम्मी धाकटीला, निम्मी मंडळीच्या दवाखान्याला. दवाखान्याने त्यातून भिंतीवर माझ्या नावाची पाटी लावू नये. लावायचीच असेल तर सरळ लावावी. तिथली एकही पाटी सरळ नाही.

कलम ४. पान्यांचा संच, जॅक आणि हवा मोजायचे यंत्र गॅरेजच्या मिस्त्रीला. सत्तावीस वर्षे माझी गाडी त्याच्या हाताखाली आहे आणि सत्तावीस वर्षे तो "उद्या देतो, बाई" म्हणत आला आहे.

या कलमात सोमवारी अडचण आली. साक्षीला मी मिस्त्री आणि पाळक या दोघांनाच बोलावले होते.

"बाई, मला काही ठेवलंय का?" मिस्त्रीने बसायच्या आधीच विचारले.

"ठेवलं असेल तर साक्षीदार होता येत नाही. ज्याला मिळणार, त्याने सही करायची नसते."

"मग सही नको मला. पाने चांगले आहेत तुमचे."

दुसरा साक्षीदार शोधण्यापेक्षा सोपा मार्ग मी काढला. शेडमधून संच आणवला आणि तिथल्या तिथे त्याच्या मांडीवर ठेवला. जॅक आणि यंत्रही त्याने जाताना न्यावे असे सांगितले. म्हणून कलम ४ रद्द. मिस्त्रीने संच उघडून पाने पुसायला घेतले, आणि आपण इतकी वर्षे उगाच माझ्या मरणाची वाट पाहत होतो असे म्हणाला. तो मनाने चांगला आहे, तोंडाने नाही.

कलम ५. माझी लाकडी खुर्ची प्रार्थनामंदिराला. पाळक साक्षीदार आहेत म्हणून त्यांच्या नावे नाही, पण बसावे त्यांनीच. ते माझे विद्यार्थी होते आणि परवान्याच्या परीक्षेत तीनदा नापास झाले, हे मी कोणाला सांगितलेले नाही. (इथे लिहिले आहे, ते सांगण्यात धरू नये.) गेल्या वर्षी त्यांनी प्रवचनात एका बाईची गोष्ट सांगितली. ती रोज पहाटे सगळे देवाच्या हाती सोपवते आणि न्याहारीच्या आत परत मागून घेते. सगळी मंडळी गीतांचे क्रमांक लिहिलेल्या फळ्याकडे बघत होती. माझ्याकडे बघायला लागू नये म्हणून.

ती बाई मीच, हे मान्य करते. त्या खुर्चीत बसून मी चाळीस वर्षे रोज म्हणत आले आहे, "प्रभू, आजचा दिवस तुझा. माझं काही नाही. तू पुढे हो, मी मागून येते." आणि लगेच त्या दिवसात काय काय व्हायला हवे, त्याची यादी त्याला वाचून दाखवते. भिंत पातळ आहे. एकदा पलीकडून धाकटी म्हणाली, "ताई, आत्ताच सगळं दिलंस ना त्याला? मग भांडी कुठल्या फळीवर लावायची ते तरी त्याला ठरवू दे."

कलम ६. गाडी. हे कलम मी सर्वांत आधी लिहिले होते.

आमच्या धंद्यातल्या गाडीला शिकवणाऱ्याच्या पायाखालीही एक ब्रेक असतो. चाक, गिअर, क्लच सगळे शिकणाऱ्याकडे, पण त्याने घोटाळा केला की शिकवणाऱ्याने हा दुसरा ब्रेक दाबायचा. त्यावरून सगळे मला मागे ब्रेकबाई म्हणतात. मला ते ठाऊक नाही असा त्यांचा समज आहे.

अकरा महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी डोळे तपासून माझे गाडी चालवणे बंद केले. तोवर दर रविवारी मी तीन म्हाताऱ्यांना प्रार्थनेला आणत असे: एक शिवणकाम करणारी, एक बहिरी आणि एक निवृत्त मुख्याध्यापिका. तिघींना जिना उतरता येतो, पण तेवढा रस्ता चालवत नाही. गाडी शेडमध्ये उभी राहिल्यापासून तिघी घरात आहेत. धाकटीने तेव्हापासून चावी मागायला सुरुवात केली. तिला गाडी येते. मीच शिकवली आहे. शिकाऊ परवाना तिने आठ वेळा काढला आणि सात वेळा मुदत संपू दिली (आठव्याची अजून आहे), कारण परीक्षेच्या अर्जावर शिकवणाऱ्याची सही लागते आणि मी ती केली नाही. ती वळताना फार विचार करते.

म्हणून मी असे लिहिले होते: माझ्या मृत्यूनंतर गाडी धाकटीला मिळावी. तिने ती पावसात, उतारावर आणि दुपारी चारनंतर चालवू नये. दुसरा ब्रेक काढू नये, आणि शेजारी जाणते माणूस बसवावे.

सोमवारी मी हे दोघांना वाचून दाखवले. धाकटी कपात चहा ओतत होती. पाळक हसू लागले.

"बाई, मेल्यावर द्यायला काय लागतं? मेल्यावर हात आपोआप सुटतो."

"हे प्रवचन रविवारी द्या."

"रविवारी तुम्ही घड्याळ बघता. आज सांगतो. तुम्ही रोज म्हणता ना, मी मागून येते? मागून येणाऱ्याच्या पायाखाली ब्रेक कशाला?"

मी म्हणाले, क्लच सोडताना डोळे मिटणाऱ्यांनी मला ब्रेकबद्दल सांगू नये. मिस्त्री मोठ्याने हसला. पाळकही हसले. धाकटी हसली नाही.

"ताई, मला गाडी नकोच," ती म्हणाली. "मला त्या तिघींना आणायचंय. तू जाईपर्यंत त्या उरतील का? त्यांच्यातली लहान ब्याऐंशीची आहे."

"तू अजून तयार नाहीस."

"चौतीस वर्षांपूर्वी तू हेच म्हणाली होतीस."

एवढेच बोलून ती कपबशा घेऊन आत गेली आणि आवाज न करता विसळू लागली. तिने आदळल्या असत्या तर मला बरे वाटले असते.

कलम ७. हे कलम कोणाला काही देण्याचे नाही. धाकटी चोविसाची असताना तिला दूरच्या गावच्या इस्पितळात परिचारिकेची नोकरी लागली होती. पत्र माझ्या हातात पडले. मी तिला सांगितले की आईची तब्येत ठीक नाही, तू अजून तयार नाहीस, आणि देवाची इच्छा तू इथे राहावंस अशी दिसते. आई त्यानंतर चौदा वर्षे जगली आणि रोज दोन जिने चढून येऊन माझ्या चुका काढत असे. देवाला मी विचारले नव्हते. इच्छा माझी होती, सही मी त्याची केली. धाकटीने तेव्हा वाद घातला नाही. सेवेला सगळीकडे जागा असते म्हणाली आणि तीस वर्षे मंडळीच्या दवाखान्यात जखमा बांधल्या. आमच्या घरात प्रभूची शिष्या कोण आहे याचा मला गैरसमज होता.

तिची मी स्वयंपाकघरात जाऊन क्षमा मागितली. ती म्हणाली, "बरं. आता तो टॉवेल दे." मी दिला.

मग खाली शेडमध्ये जाऊन मिस्त्रीला दुसरा ब्रेक काढायला सांगितले. माझाच संच त्याच्या हातात होता. पुन्हा "उद्या" म्हणायला त्याला सबब उरली नव्हती. अर्ध्या तासाने गाडीखालून बाहेर येऊन त्याने मला दोन्ही ब्रेकच्या पेडलांवरची रबरे दाखवली. शिकणाऱ्याच्या बाजूच्या रबरावर अजून नक्षी होती. माझ्या बाजूचे गुळगुळीत झाले होते.

"बाई, इतकी वर्षं गाडी चालवली कोणी?" त्याने विचारले.

मंगळवारी मी परीक्षेच्या अर्जावर सही केली. शुक्रवारी धाकटी पहिल्याच खेपेत पास झाली. हे पाळकांच्या भावना दुखवण्यासाठी लिहिलेले नाही.

म्हणून कलम ६ अटींसकट रद्द. गाडी आता माझी नाही, त्यामुळे ती मृत्युपत्रात येत नाही. कलम २ मधला पलंगही रद्द. तो काल हलवला. धाकटीला सर्दी झालेली नाही. मला झाली आहे.

काढलेला ब्रेक माझ्या खुर्चीजवळ खिडकीत ठेवला आहे. तो कोणाला देऊ नये. रोज पहाटे तो समोर दिसलेला बरा, कारण काल सोडलेले आज पुन्हा धरावेसे वाटते. आज सकाळीच मी यादी वाचायला लागले होते. तिसऱ्या कामाला लक्षात आले. पूर्वी लक्षातच येत नसे.

या मृत्युपत्राचे व्यवस्थापक म्हणून पाळकांना नेमते. त्यांना आता फारसे काम उरलेले नाही.

हे सर्व मी वाचून, समजून, उद्या तिघींना आणायच्या फेरीची तालीम चालू असताना, दोन्ही साक्षीदारांसमोर सही करत आहे. या रस्त्यावर माझा पाय चार वेळा रिकाम्या जमिनीवर दाबला गेला. धाकटीने चारही वेळा पाहिले आणि गाडी पुढे नेली.

सही: मृत्युपत्र करणारी, उर्फ ब्रेकबाई

साक्षीदार १: गॅरेजचा मिस्त्री (मागच्या सीटवर, पान्यांच्या संचासह)
साक्षीदार २: मंडळीचे पाळक (मागच्या सीटवर, डोळे उघडे)

दिनांक: १९ ऑक्टोबर २०२४, शनिवार, दुपारी साडेचार

ठिकाण: गाडीत, चालवणारीच्या शेजारी, उतारावर. अक्षर हलले असल्यास तो दोष रस्त्याचा आहे. चालवणारीचा नाही.